सासऱ्यांचं तैलचित्र

पुस्तक शेरेसाहेबांनी मागितलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे इमारतीत असा समज पसरला की साहेबांना या वयात कलेचा झटका आला आणि ते स्वतः वाचनालयात जाऊन रंगांची पुस्तकं धुंडाळत होते. तसं काही नाही. ते बायकोची कादंबरी परत करायला गेले होते. ग्रंथपाल बाई कपाट आवरत होत्या. ज्या पुस्तकाला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नाही ते रद्दीत काढायचं, असा वरून हुकूम होता, आणि बाईंच्या हातात नेमकं त्या वेळी एका चित्रकाराने चित्रकलेवर लिहिलेलं जाडजूड पुस्तक होतं. "एकदा तरी कोणाच्या नावावर चढू दे हो बिचारं," असं म्हणत त्यांनी ते साहेबांच्या कार्डावर चढवूनही टाकलं. साहेबांना तोंडावर नाही म्हणता येत नाही. कचेरीत येतं, पण ते लेखी.

शेरेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपट्टीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि त्यांच्या टेबलावरची एकही फाइल शेरा मारल्याशिवाय पुढे सरकली नव्हती, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं होतं. 'पाहिले', 'पुन्हा पाहावे', 'पाहून ठेवले', आणि फारच आनंद झाला तर 'पाहिले व समजले'. अशा माणसाने संध्याकाळी चहा घेता घेता पुस्तक उघडावं आणि पहिलंच वाक्य दिसावं, "बहुतेक माणसे आयुष्यभर काहीही पाहत नाहीत," म्हणजे काय! साहेबांना तो सरळसरळ आपल्या खात्यावरचा आरोप वाटला. ते ताठ बसले. पहिलं वाक्य म्हणजे अर्थात पहिल्या प्रकरणातलं. त्याच्या आधी काही पानं बारीक टाइपातली होती, पण ती त्यांनी सवयीने ओलांडली. परिपत्रकाच्या पहिल्या पानावर नुसते संदर्भ असतात, करायचं काय ते दुसऱ्या पानावर सुरू होतं, हे नोकरीला चिकटल्या चिकटल्या त्यांना कळलं होतं.

मग त्यांनी पुस्तक परिपत्रकासारखंच वाचलं. महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनाने रेघा मारल्या आणि समासात 'पाहिले' लिहिलं. वाचनालयाच्या पुस्तकावर असं काही करू नये हे त्यांना ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. लेखकाला ते मनातल्या मनात 'ग्रंथकर्ते' म्हणू लागले होते. ग्रंथकर्त्यांची भाषा त्यांना फार आवडली. हे करावे, ते करू नये, अमुक झाल्याखेरीज तमुक करू नये. इतकी स्वच्छ भाषा त्यांच्या खात्यातही कोणी लिहीत नव्हतं. चित्रकला ही नियमाने येणारी गोष्ट आहे आणि आपल्याला ते इतके दिवस कोणी सांगितलंच नाही, याचा त्यांना थोडा रागही आला.

पहिला नियम डोळ्यांचा होता. समोरच्या वस्तूकडे डोळे किलकिले करून पाहावे, म्हणजे बारकावे गळून पडतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. साहेबांनी घरातल्या सगळ्या वस्तूंकडे असं पाहून घेतलं, आणि वस्तू संपल्यावर कचेरीतल्या माणसांकडे वळले. मोठ्या साहेबांकडे पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "झोप झाली नाही का?" जावक विभागातल्या बाईंकडे पाहिलं तेव्हा बाई काही म्हणाल्या नाहीत. दुपारी मात्र त्यांनी आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं, आणि संध्याकाळी शेरेसाहेबांना आत बोलावणं आलं.

"तुम्ही बाईंकडे कसे बघता?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सावलीसाठी बघतो, साहेब. खिडकीचा उजेड बाईंच्या गालावर असा काही पडतो, की..."

हे ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल ते त्यांना बोलता बोलताच कळलं, पण वाक्य तोवर बरंच बाहेर पडलं होतं.

"तुमच्या वयाकडे बघून मी लेखी काही घेत नाही," मोठे साहेब म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि दाखला आणा."

डॉक्टरांनी तपासून 'दृष्टी उत्तम' असा दाखला दिला. त्याने प्रकरण जास्तच अडचणीचं झालं, कारण दोष डोळ्यांत नाही म्हटल्यावर तो कुठे आहे हे सगळ्या कचेरीला उघडच दिसलं. शेरेसाहेबांनी बाईंपुढे जाऊन हात जोडले. बाई निवृत्तीला टेकलेल्या, साहेबांपेक्षा वयाने मोठ्या, आणि साहेब नवीन असताना त्यांना हजेरीपटावर सही कुठे करायची हे त्यांनीच दाखवलेलं. साहेबांना बोलताना घाम फुटला. सर्वांत वाईट म्हणजे, माफी मागतानाही त्यांचे डोळे सवयीने किलकिले झाले.

या गोष्टीने दुसरा एखादा चित्रकला सोडून बसला असता. पण कचेरीत बदनामी होऊन गेली होती, आणि चित्र मात्र अजून एकही झालं नव्हतं. ज्यासाठी बदनामी झाली ते निदान करून तरी दाखवावं असं साहेबांना वाटलं. ते रंगांच्या दुकानात गेले आणि तेलरंग मागितले. दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे?" साहेब चटकन म्हणाले, "चौथीत." का म्हणाले हे त्यांना आजही सांगता येणार नाही. "मग तेलरंग कशाला? हे मेणाचे खडू न्या, खाल्ले तरी बाधत नाहीत." खोटं निभवायला साहेबांना खडूही घ्यावे लागले आणि नसलेल्या मुलाच्या हस्ताक्षराविषयी थोडं बोलावंही लागलं. तेलरंग, ब्रश, टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल त्यांनी 'आमच्या शेजाऱ्यांसाठी' म्हणून घेतलं. कॅनव्हास एकच मोठा उरला होता. तो कागदात गुंडाळून जिन्याने वर आणताना समोरच्या मावशींनी दार उघडून विचारलं, "नवा टीव्ही का?" आणि साहेब नाही म्हणेपर्यंत खालच्या मजल्यावर बातमी पोचली होती.

आता चित्रासाठी बसवायचं कोणाला? बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मला बसायला सवड असती, तर मी नुसतीच बसले नसते का?" घरात बसणारं माणूस एकच होतं. ते म्हणजे साहेबांचे सासरे.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळाला होता. लग्न ठरलं तेव्हा साहेबांनी भावी सासऱ्यांना एक आदबशीर पत्र लिहिलं होतं. ते पत्र समासात दुरुस्त्या होऊन परत आलं, आणि खाली 'बाकी ठीक' असं लिहिलेलं होतं. तेव्हापासून साहेबांनी त्यांच्यासमोर जपूनच तोंड उघडलं. सासूबाई गेल्यावर बाबा एकटे राहत. घसरून पाय मोडला म्हणून ते लेकीकडे आले होते. पाय आता सांधला होता, काठी घेऊन चालत होते, आणि महिनाअखेरीला बायकोचा मोठा भाऊ येऊन त्यांना आपल्याकडे नेणार होता. इतके दिवस एका छपराखाली राहून सासरे-जावयाचं बोलणं एवढंच होतं: "चहा झाला?" "झाला."

"बाबांना इथेच राहायचंय," बायको एकदा भांडी लावता लावता म्हणाली. "बोलून दाखवणार नाहीत, पण मला कळतं. दादाचं घर मोठं आहे, पण दिवसभर त्या घरात कोणी नसतं."

"मग तू सांग ना त्यांना, राहा म्हणून."

"मी तर म्हणणारच. लेकीच्या म्हणण्यावर ते राहायचे नाहीत. तुम्ही म्हणायला हवं, अहो. तुम्ही एकदा मनापासून म्हटलंत, तर राहतील."

"म्हणतो की."

"कधी?"

"वेळ पाहून."

बायको पुन्हा भांड्यांकडे वळली. या घरात तिलाही साहेबांचे शेरे पाठ झाले होते.

साहेबांच्या मनात नव्हतं असं नाही. पण त्या माणसासमोर उभं राहून 'बाबा, राहा इथेच' म्हणायचं, म्हणजे आणखी एक वाक्य तपासायला द्यायचं. चित्राची कल्पना सुचल्यावर त्यांना एकदम हायसं वाटलं. सासऱ्यांचं झकास तैलचित्र करायचं, ते त्यांच्यापुढे ठेवायचं, आणि ते खूश होऊन बघत असताना हळूच ते वाक्य सोडून द्यायचं. ग्रंथकर्त्यांच्या मदतीने ही फाइलही मार्गी लागेल असं त्यांना वाटलं.

बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यातून जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी नाहीतरी बसलेलाच असतो."

रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर बैठक सुरू झाली. बसणाऱ्याने हलू नये, हा नियम. म्हणून साहेबांनी खुर्चीच्या पायांभोवती आणि बाबांच्या चपलांभोवती खडूने रेघा आखल्या. मेणाचे खडू असे कामी आले, पण त्या रेघा फरशीवरून पुढे कधी निघाल्या नाहीत. चेहऱ्याचा तोल ओळंब्याने तपासावा, हा दुसरा. म्हणून पडद्याच्या दांडीला सुतळी बांधून तिला ट्रंकेचं कुलूप लटकवलं. ते बरोबर बाबांच्या नाकासमोर आलं आणि वारा सुटला की झुलायचं. बसणाऱ्याशी बोलू नये, बोलण्याने चेहऱ्याचा आकार मोडतो, हा तिसरा. मग सूचना द्यायच्या कशा? साहेबांनी मार्ग काढला. त्यांनी 'मान स्थीर ठेवावी' अशी चिठ्ठी लिहून बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती वाचली, खिशातलं पेन काढलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि चिठ्ठी परत दिली. मान मात्र स्थिर ठेवली.

हात रिकामे दिसू नयेत म्हणून बाबांना काहीतरी धरायला हवं होतं. साहेबांनी ग्रंथकर्त्यांचं पुस्तकच त्यांच्या हातात दिलं. अडचण एवढीच की दर थोड्या वेळाने नियम बघायला ते परत घ्यावं लागे. साहेब हात पुढे करत, बाबा पुस्तक देत, साहेब वाचत आणि पुन्हा बाबांच्या हातात ठेवत. बाबांच्या चेहऱ्यावर कधी काही दिसलं नाही. साहेबांनाही ते पाहायला वेळ नव्हता. चेहऱ्याचे सात आडवे भाग पाडायचे होते, आणि बाबांचं कपाळ एकट्यानेच तीन भाग खात होतं.

आणि मग हिरवा रंग आला. चेहऱ्याला आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर द्यावा, तो पुरता वाळल्याखेरीज त्वचेचे रंग लावू नयेत, असं ग्रंथकर्त्यांनी बजावलं होतं. साहेबांनी हिरवा थर सढळ हाताने दिला. तो वाळेना. साहेब रोज येऊन बोट लावून बघत आणि रोज बोट हिरवं होई. त्यांनी चित्रावर पंखा सोडला, उन्हात ठेवलं, शेवटी स्वयंपाकघरात नेऊन टेकवलं. बायको किंचाळली, "बाबांना गॅसजवळ ठेवू नका!" आणि बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "मी तर इथे आहे ना?"

टर्पेंटाइनचा वास जिन्यात पसरला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी दारातच उभं राहून वास घेतला, मग हातातल्या वहीत तो लिहून घेतला. "राहत्या जागेत ज्वलनशील पदार्थ बाळगायला जिन्यावरच्या सगळ्या घरांची लेखी ना-हरकत लागते," ते म्हणाले. साहेबांनी जन्मभर लोकांना अशाच ना-हरकती आणायला लावल्या होत्या, त्यामुळे त्यांना वादही घालता येईना. कागद घेऊन ते दारोदार फिरले. कोणी फुकट सही केली नाही. समोरच्या मावशी म्हणाल्या, "करते सही, पण नाक आधी काढा. नाक जमलं की माणूस जमतो. आमच्या नणंदेच्या फोटोत नाक नीट आलं नाही, तर तिचं लग्न लांबलं." वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "बाबांना हसतं काढा आणि दात दाखवा. कवळी माझी आहे. तोंड मिटून काढणार असाल तर मला काय उपयोग?" अशा सल्ल्यांनी कागद भरला. सेक्रेटरींनी त्यावर शेवटची अट घातली, की चित्र पूर्ण झाल्यावर सर्व सह्या करणाऱ्यांना ते दाखवावं लागेल. एवढंच नव्हे, त्यांनी रविवार संध्याकाळ ठरवून फलकावर सूचनाही लावली. खाली लिहिलं होतं: 'चहाची व्यवस्था चित्रकाराकडे.'

तो रविवार महिन्याचा शेवटचा होता. मेव्हणे त्याच दिवशी बाबांना न्यायला येणार होते. बायकोने विचारलं, "बोललात?" साहेब म्हणाले, "आज चित्र दाखवलं की लगेच बोलतो." हिरवा थर अजून ओलाच होता. साहेबांनी त्याच्यावरच घाईघाईने त्वचेचा रंग लावून पाहिला. दोन्ही रंग एकमेकांत मिसळले आणि गालांवर शेवाळल्यासारखं काहीतरी झालं. दुरून बरं दिसतं, असं म्हणून साहेबांनी चित्रावर चादर टाकली.

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. मेव्हणे बाबांची बांधलेली बॅग दाराशी ठेवून उभे होते. बाबा आपल्या खुर्चीत, खडूच्या रेघांच्या आत बसले होते. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि साहेबांनी चादर ओढली. ती ओल्या रंगाला चिकटली होती. ओढल्यावर बाबांचा एक कान तिच्याबरोबर गेला.

कोणी काही बोललं नाही. साहेबांना वाटलं, चित्र लोकांच्या मनाला भिडलं असावं.

"हे... बाबाच ना?" मावशींनी जपून विचारलं.

"तेव्हा त्यांना बरं नव्हतं का?" डॉक्टर म्हणाले. "आणि तोंड कुठे आहे? हे का? मला वाटलं गळपट्टा."

चेहऱ्यावर सात आडव्या रेघा हिरव्यातून वर आल्या होत्या, आणि मधोमध सुतळीसकट कुलूपही होतं, कारण दिसेल ते काढावे असा नियम होता. मेव्हण्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. साहेबांचे कान तापले. त्यांनी सांगायला सुरुवात केली की हे असंच असतं, हिरवा थर शास्त्रशुद्ध आहे, लोकांना सवय नाही इतकंच. "हे माझं म्हणणं नाही. ग्रंथकर्त्यांनी लिहिलंय! वाचून बघा!" आणि बाबांच्या मांडीवरचं पुस्तक उचलून त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दिलं.

सेक्रेटरी माणूस समितीचा. कुठलाही कागद ते पहिल्या ओळीपासून आणि मोठ्याने वाचत. त्यांनी मुखपृष्ठ उलटलं आणि बारीक टाइपातली पानं काढली.

"'प्रस्तावना,'" त्यांनी वाचलं. "'या ग्रंथाच्या पूर्वार्धात दिलेल्या रीती मला तरुणपणी शिकविण्यात आल्या. त्या इमानाने पाळून मी कित्येक वर्षे मेलेली चित्रे काढली. वाचकाने त्या केवळ ओळखण्यापुरत्या वाचाव्यात. त्यांचा अवलंब कोणत्याही परिस्थितीत करू नये. माझे स्वतःचे म्हणणे उत्तरार्धात आहे.'"

आधी मावशी हसल्या. मग सगळी खोली. डॉक्टर डोळे पुसू लागले. सेक्रेटरींनी, लोकांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, 'कोणत्याही परिस्थितीत' पुन्हा वाचलं. शेरेसाहेबांनी तोंडभर हसायचा आव आणून पाहिला, पण ओठ हलेनात. इतक्या फायली त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या होत्या, इतक्या लोकांना 'नीट वाचून या' म्हणून परत पाठवलं होतं. लाज त्यांना नवी नव्हती, पण आजवर ती एकेका माणसासमोर वाटली होती. आज सगळ्या जिन्यासमोर वाटत होती, आणि दाराशी बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. ते सर्वांत वाईट होतं.

"बाबा," मेव्हणे हसता हसता म्हणाले, "हे पुस्तक रोज तुमच्याच हातात होतं म्हणे. तुम्ही प्रस्तावना वाचली नाहीत?"

"वाचली की," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी. प्रस्तावना, अनुक्रमणिका, मुद्रकाचा पत्ता, सगळं."

"मग भावोजींना सांगितलं का नाही?"

"बोलायचं नाही असा नियम होता."

पुन्हा खोली हसली. चहा संपला, लोकांनी चित्राकडे एकेकदा वळून पाहिलं आणि जिन्यात उतरल्यावर मोकळेपणाने हसत आपापल्या घरी गेले. मेव्हण्यांनी गाडी दाराशी आणायला सांगून बॅग उचलली. साहेब अजून चित्राजवळच उभे होते, हातात बाबांचा कान चिकटलेली चादर घेऊन.

"खरंच का नाही सांगितलंत, बाबा?" त्यांनी विचारलं. "चूक दिसली की तुम्ही कधी सोडत नाही."

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी बंद केलं असतं," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी एक माणूस कामावरून यायचा आणि तासभर माझ्याकडे बघत बसायचा. तुमच्या सासूबाई गेल्यापासून इतका वेळ माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. म्हटलं, ही चूक राहू द्यावी."

शेरेसाहेबांनी मान खाली घातली. कारण त्यांनी बाबांकडे पाहिलंच नव्हतं. नाकाकडे पाहिलं होतं, कपाळाकडे, सुतळीकडे, नियमांकडे. समोर बसलेला म्हातारा माणूस कोणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून सुखावलाय, हे त्यांना दिसलं नव्हतं. मघाशी सगळ्या बिऱ्हाडांसमोर वाटली त्यापेक्षा जास्त लाज त्यांना आता वाटली.

"बाबा, चित्र अजून अपुरं आहे," ते म्हणाले. "तेव्हा ते पुरं होईपर्यंत तरी..."

"चित्रासाठी थांबवू नका," बाबा म्हणाले. "चित्र वाईट आहे."

मेव्हणे दारात थांबले. बायको रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. साहेबांनी चादर खाली टाकली. चित्राच्या आडून बोलायचं ठरलं होतं, पण आता आडोशाला काही राहिलं नव्हतं.

"राहा ना इथेच," ते म्हणाले. आवाज चिरका आला. "खरंच राहा. तुम्ही घरात असता तेव्हा... मला बरं वाटतं, बाबा. हे मी आधीच म्हणायला हवं होतं."

वाक्यात चूक असली तर असो, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटलं. बाबांनी ते तपासलं नाही. ते मुलाकडे वळून म्हणाले, "अरे, ती बॅग खाली ठेव. हात दुखेल तुझा."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ नुसता नळ वाहण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीतून आले, तेव्हा कॅनव्हास खरवडून स्वच्छ झाला होता. बाबा त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसले होते, अंगात साहेबांचा जुना शर्ट, हातात ब्रश. "आजपासून तुम्ही बसा," ते म्हणाले. "उत्तरार्ध मी दोनदा वाचलाय. नियम फारसे नाहीत."

साहेब खुर्चीत बसले. बाबा त्यांच्याकडे बघू लागले. साहेबांना ते सोपं वाटलं होतं, पण थोड्याच वेळात हातांचं काय करावं ते कळेना. या माणसाला आपलं सगळं दिसतंय असं वाटू लागलं.

"बोलायला हरकत नाही," बाबा म्हणाले. "उत्तरार्धात म्हणतात, बसणाऱ्याशी बोलत राहावं. एक विचारू?"

"विचारा."

"मी इथे राहू नये, असं तुम्हाला कधी वाटलं होतं का?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग फरशीकडे. खोटं सांगणं सोपं होतं, पण समोरचा माणूस ब्रश हातात धरून त्यांच्या तोंडाकडेच बघत होता.

"हो," ते म्हणाले. "सुरुवातीला वाटलं होतं. सकाळी बाथरूमचा खोळंबा व्हायचा, आणि तुमची भीतीही वाटायची. एकदा मी मनातल्या मनात महिनाअखेरीचे दिवसही मोजले, बाबा."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि कुठे बघावं ते त्यांना समजेना. ते उठायला लागले.

"हां, हलू नका," बाबा म्हणाले आणि ब्रश रंगात बुडवला. "आत्ता कुठे चेहरा आलाय."